तीनशे ऐंशी जामीन आणि एक परवाना

माझा मामा एकोणीस वर्षं एका परमिट रूमचा मॅनेजर होता. तालुक्याचं गाव, स्टँडच्या मागचा रस्ता, खाली बार आणि वर लॉजिंग. गावाचं नाव लिहीत नाही, बारचंही नाही. लहानपणी सुट्टीत गेलो की सकाळच्या वेळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, मला काउंटरवर बसायला मिळायचं. मागच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये परवाना, शेजारी गणपती, आणि खालच्या ड्रॉवरमध्ये एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मामाचा नोकरनामा.

हा शब्द दारूच्या धंद्याबाहेर फारसा कुणाला माहीत नसतो. परवाना मालकाच्या नावावर असतो, पण मालक काही दिवसभर काउंटरवर बसत नाही. मग आपल्या वतीनं दारू कोण विकणार, त्या माणसाच्या नावानं तो कागद करून देतो. तोच नोकरनामा. आमच्या भाषेत सांगायचं तर परवाना म्हणजे ॲडमिनचं अकाउंट आणि नोकरनामा म्हणजे त्यानं दिलेला ॲक्सेस. मामा स्वतः थेंबभरही प्यायचा नाही. स्टॉक रजिस्टर मात्र असं लिहायचा की मोजणीला आलेला माणूस चहा पिऊन परत जायचा.

मामी वारल्यानंतर पाच-सहा वर्षांनी मामा एका बाईंबरोबर राहायला लागला. त्या विधवा होत्या, दुसऱ्या जातीच्या होत्या, आणि लग्न केलं तर नवऱ्याची पेन्शन बंद होईल म्हणून त्यांनी लग्न केलं नाही. गावातल्या काही लोकांनी अर्ज दिला : मॅनेजरचं खाजगी वर्तन अशोभनीय आहे. मार्चचा महिना होता. दारूच्या परवान्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे त्या दिवसांत प्रत्येक मालकाच्या पोटात गोळा असतो. मालकाला कुणीतरी तोंडी सुचवलं की रिन्युअलच्या तोंडावर भानगड नको. १ एप्रिलच्या नोकरनाम्यात दुसऱ्याचं नाव होतं. नोटीस नाही, चौकशी नाही, चिठ्ठीचा कपटासुद्धा नाही. मामानं हिशेब केला, किल्ल्या दिल्या आणि घरी आला. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. मला त्याचा राग आला होता तो मामाचाच, हे कबूल करायला हवं. ‘करायचं होतं तर लग्न करायचं ना,’ असं मी आईपाशी बोललो होतो.

हे सगळं मी विसरलोही असतो. पण गेल्या हिवाळ्यात कंपनीनं मला पाच आठवडे माँट्रियलला पाठवलं. ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर क्रेसेंट स्ट्रीट नावाची गल्ली आहे. दोन्ही बाजूंना पब, आणि एका उंच इमारतीच्या भिंतीवर गायक-कवी लेनर्ड कोहेनचं आभाळाएवढं चित्र. ते बघायला मला घेऊन गेलेला सहकारी म्हणाला की कोहेनच्या उमेदवारीच्या काळात ज्या वयस्कर कवीनं त्याला हात दिला, तो फ्रँक स्कॉट कायद्याचा प्राध्यापक होता आणि ह्याच गल्लीतल्या एका हॉटेलवाल्याची केस तो मुख्यमंत्र्याविरुद्ध लढला होता. कशावरून? दारूच्या परवान्यावरून. निकाल मोबाइलवर वाचता येतो. त्या रात्री मी तो वाचायला घेतला आणि सकाळची स्टँड-अप मीटिंग चुकवली.

हॉटेलवाल्याचं नाव फ्रँक रॉन्कारेल्ली. हॉटेल वडिलांकडून आलेलं आणि चांगल्या वस्तीतलं, वरच्या दर्जाचं. १९४६ साली त्या जागेला दारूचा परवाना मिळून सुमारे ३४ वर्षं झाली होती, आणि दरवर्षी तो नव्यानं मिळत आला होता. क्वेबेक प्रांताचं दारूशी नातं शेजाऱ्यांपेक्षा वेगळं होतं. १९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली, कॅनडाचे बरेचसे प्रांतही कोरडे होते, तेव्हा क्वेबेकनं १९२१ साली कायदा करून सरकारी दारू आयोग नेमला : बंदी नाही, पण विक्रीची दोरी आयोगाच्या हातात. परवाना द्यायचा, नाकारायचा, आणि मनात येईल तेव्हा रद्द करायचा अधिकार आयोगाला. कायद्यात शब्द असे होते की आयोगाला ‘आपल्या विवेकाने’ परवाना कधीही रद्द करता येईल. कशासाठी, ते लिहिलेलं नव्हतं. ह्या ‘विवेका’भोवतीच पुढची बारा वर्षं गेली.

रॉन्कारेल्ली यहोवाच्या साक्षीदारांपैकी होता. हा ख्रिस्ती पंथ दारोदार फिरून आपली मासिकं आणि पत्रकं वाटतो. क्वेबेक तेव्हा कडवं कॅथलिक होतं आणि ह्या लोकांच्या पत्रकांतून कॅथलिक चर्चवर जहरी टीका असायची, त्यामुळे लोक भडकायचे. पोलिसांनी सोपा मार्ग काढला. महापालिकेच्या नियमाप्रमाणे फेरीवाल्याला परवाना लागतो, तुमच्याकडे तो नाही, चला. धरपकड शेकड्यांनी सुरू झाली. आपलं म्हणणं हे फेरीवाल्याचा धंदा नाही म्हणून ते परवाना काढत नव्हते, दंड भरत नव्हते, प्रत्येक खटला लढवत होते. तोवर बाहेर राहायचं तर जामीन हवा, आणि फिरणारी माणसं साधी, बऱ्याच बायका. त्यांना जामीन कोण राहणार?

आपल्याकडे घराघरांत एक नियम असतो. आमचे आजोबा तो दर दिवाळीला सांगायचे : जेवायला घाला, पैसे द्या, पण कुणाला जामीन राहू नका. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहून ज्यानं शेत घालवलं असा एक तरी नातेवाईक प्रत्येकाला असतो, त्यामुळे हा नियम सांगताना पुरावा द्यावा लागत नाही. रॉन्कारेल्ली १९४४ ते १९४६ ह्या काळात जवळपास ३८० जणांना जामीन राहिला. फी न घेता. त्याची मालमत्ता पुरेशी होती म्हणून कोर्ट त्याचा कागद निमूट स्वीकारायचं. त्यातला एकही माणूस तारीख चुकवून पळाला नाही. मग सरकारी वकिलांनी पवित्रा बदलला आणि मोठ्या रोख रकमांचा जामीन मागायला सुरुवात केली. १२ नोव्हेंबर १९४६ नंतर रॉन्कारेल्ली कुणालाच जामीन राहिला नाही. ही तारीख लक्षात ठेवा.

त्याच महिन्यात साक्षीदारांनी नवं पत्रक काढलं. क्वेबेकच्या मनातला देवाबद्दलचा आणि स्वातंत्र्याबद्दलचा द्वेष ही सगळ्या कॅनडाला लाज आहे, असा त्याचा सूर. सरकार पेटलं. प्रांताचा प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्याच्या जागी, मोरीस द्युप्लेसी होता आणि ॲटर्नी जनरलचं खातंही त्यानं स्वतःकडे ठेवलं होतं. लोक त्याला नुसतं ‘साहेब’ म्हणावं तसं ‘शेफ’ म्हणत. त्याच्या राजवटीत रस्ता, नोकरी, दारूचा परवाना हे सगळं कृपेनं मिळायचं आणि अवकृपेनं जायचं. हे वाचताना मला परदेशी इतिहास वाचतोय असं फारसं वाटलं नाही.

दारू आयोगाचा गेरां, म्हणजे मॅनेजर, एदुआर आर्शाम्बो ह्याच्या हाती ते पत्रक आलं. जामीन राहणारा रॉन्कारेल्ली आणि आपल्या यादीतला परवानाधारक रॉन्कारेल्ली एकच का, ह्याची त्यानं खात्री करून घेतली आणि द्युप्लेसीला फोन केला. परवाना काढून घ्यावा, असं ठरलं. कोण कुणाला नेमकं काय म्हणालं ह्यावर पुढे कोर्टात भरपूर कीस पडला. मी विचारलं, मी सांगितलं, मी मान्यता दिली, मी आदेश दिला. सरकारी फाइलवर सही करणाऱ्यांची ही क्रियापदं जगभर सारखीच असावीत. पण द्युप्लेसीला लपवायचं नव्हतंच. त्यानं पत्रकारांना बोलावून अभिमानानं सांगितलं की हे आपण केलं, आणि ह्या माणसाला पुन्हा कधीही परवाना मिळणार नाही. कधीही.

४ डिसेंबर १९४६, दुपारची जेवणाची वेळ, हॉटेल भरलेलं. आयोगाची माणसं आत आली आणि दारूचा साठा उचलून घेऊन गेली. नोटीस नव्हती, म्हणणं मांडायची संधी नव्हती. नव्या वर्षासाठी त्यानं केलेला अर्ज आयोगाकडे पडून होता, तोही फेटाळला. आता ती तारीख आठवा. तो तीन आठवडे कुणालाच जामीन राहिलेला नव्हता, आणि ज्या पत्रकावरून डोकी भडकली त्याच्या वाटपात त्याचा हात नव्हता. दारूविना त्यानं हॉटेल जेमतेम सहा महिने रेटलं आणि १९४७ साली विकून टाकलं.

दाद मागायची तर कुणाविरुद्ध? आयोगाच्या माणसावर दावा लावायला प्रांताच्या मुख्य न्यायाधीशांची परवानगी लागायची. ती मागितली, नाकारली गेली. मग एकच वाट उरली : द्युप्लेसीवर, एक माणूस म्हणून, नुकसानभरपाईचा दावा. सत्तेवरच्या प्रीमियरविरुद्ध उभे राहणारे वकील सहज मिळत नव्हते. ए. एल. स्टाइन ह्या वकिलानं केस घेतली आणि जोडीला फ्रँक स्कॉटला ओढलं. स्कॉट मॅगिल विद्यापीठात राज्यघटना शिकवायचा, कविता लिहायचा, समाजवादी पक्षाचा पुढारी होता. रोज कोर्टात उभं राहणाऱ्यांपैकी नव्हता.

१९५१ साली पहिल्या कोर्टात रॉन्कारेल्ली जिंकला. भरपाई ८,१२३ डॉलर आणि ५३ सेंट. १९५६ साली वरच्या कोर्टानं निकाल फिरवला. २७ जानेवारी १९५९ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी तो पुन्हा फिरवला आणि धंद्याची पत गेली त्यापोटी आणखी २५,००० डॉलर जोडले. अशी एकूण रक्कम ३३,१२३ डॉलर ५३ सेंट.

सहा जणांतल्या न्यायमूर्ती आयव्हन रँड ह्यांचं निकालपत्र कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. त्यांचा मुद्दा माझ्या शब्दांत असा. कायद्यानं ‘विवेक’ दिला म्हणजे मोकाट मर्जी दिली नाही. दारूचा कायदा दारूच्या विक्रीसाठी आहे, त्यामुळे परवाना काढून घ्यायचं कारणही तिथूनच यायला हवं : हा माणूस दारू नीट विकेल का, हॉटेलात दंगा होऊ देईल का, भेसळ करेल का. एखाद्याला जामीन राहणं हा कुणाही नागरिकाचा हक्क. त्याचा दारू विकायच्या लायकीशी कितीही ताणून संबंध लावता येत नाही. आणि प्रीमियर म्हणून असो की ॲटर्नी जनरल म्हणून, आयोगाला असं काही फर्मावण्याचा अधिकार द्युप्लेसीला कुठल्याच कायद्यानं दिलेला नव्हता. म्हणून तर, सरकारी कर्तव्य बजावणाऱ्यावर दावा लावण्याआधी महिनाभराची नोटीस द्यायला हवी होती, हा त्याचा बचाव बहुमतानं फेटाळला. ते कर्तव्य नव्हतंच. रँड पुढे लिहितात की जसजसे अधिकाधिक धंदे परवान्याखाली येतील तसतसं परवाना काढून घेणं म्हणजे माणसाचं पोट काढून घेणं होईल. ॲप कंपनीनं आयडी ब्लॉक केला की ज्याचा त्या दिवसाचा रोजगार जातो, अशा डिलिव्हरीवाल्या मुलाला हे परिच्छेद वाचून दाखवावेत, असं मला पहाटे तीन वाजता वाटत होतं.

विरुद्ध मत देणाऱ्या तिघांना मी आधी खलनायक समजून वाचायला घेतलं. दोघांचा भर त्या नोटिशीवर होता. पण न्यायमूर्ती कार्टराइट ह्यांचं म्हणणं साधं आणि अडचणीचं आहे. विधिमंडळानं कुठलीही कसोटी न घालता आयोगाला अधिकार दिला. दारूचा परवाना हा हक्क नाही, सवलत आहे. कसोटीच नसेल तर ती मोडली असं कोर्ट कसं म्हणणार? कोड लिहिणारा माणूस म्हणून मला हे पटकन समजलं. फंक्शनमध्ये अट लिहिलीच नसेल तर ते कुठल्याही इनपुटला चालतं, आणि मग चूक वापरणाऱ्याची की लिहिणाऱ्याची? रँड ह्यांचं उत्तर असं की न लिहिलेली अटही असते, ती म्हणजे ते फंक्शन कशासाठी लिहिलंय. मला रँड पटतात. पण कार्टराइट मूर्ख नव्हते.

दारू विकणाऱ्याचं चारित्र्य बघूच नये, असंही नाही. ही तपासणी मुळात जामिनातूनच आली. इंग्लंडमध्ये १५५२ साली कायदा झाला की दोन न्यायाधीशांच्या परवान्याशिवाय कुणी दारूचा गुत्ता चालवायचा नाही, आणि परवाना घेताना गुत्तेवाल्यानं सुव्यवस्था राखीन, जुगार चालू देणार नाही असं लिहून द्यायचं, जामीनदारांसकट. म्हणजे पहिल्या परवान्यापासून प्रश्न एकच : ह्या माणसाची हमी कोण देतो? मॅनेजर स्वतः ढोसून पडत असेल, गिऱ्हाइकांना मारत असेल, वेट्रेसच्या अंगाला हात लावत असेल, तर ते त्याचं ‘खाजगी वर्तन’ नाही, मग ते कामाच्या वेळेबाहेर का असेना. रेष तिथे आहे. ती हलती असते, आणि हलवायचा हात प्रत्येक गावात वेगळा असतो.

आपल्याकडचा १९४९ चा दारूबंदी कायदा हा एक मजेशीर ग्रंथ आहे. त्याच्या अमलात पिणाऱ्यालाही परवाना लागतो आणि तो ‘आरोग्य राखण्यासाठी’ दिला जातो. परमिट रूम हे नाव तिथूनच आलं. त्यातलं कलम ५४ परवाना कोणकोणत्या कारणांनी रद्द करता येईल ते सांगतं : फी थकली, अटी मोडल्या, गुन्हा शाबीत झाला. इथवर ठीक. मग येतं कलम ५६ : वरच्या कारणांखेरीज इतर कुठल्याही कारणासाठी किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन, किंवा कारणं लेखी नोंदवून ताबडतोब, परवाना रद्द करता येईल. ‘इतर कुठल्याही.’ माँट्रियलच्या हॉटेलात बसून हे वाचताना मला काचेच्या फ्रेममधला तो परवाना दिसत होता. पण निदान कारण लिहायला तरी लावलंय. मामाच्या वेळी ५६ चीसुद्धा गरज पडली नाही. परवाना जागेवरच राहिला, फक्त नोकरनाम्यातलं एक नाव बदललं.

कारणावरून पुढचं एक आठवलं. महाराष्ट्रात डान्स बारच्या परवान्यांसाठी २०१६ साली नवा कायदा आणि नियम आले. परवाना मागणाऱ्याचं ‘चारित्र्य आणि पूर्वेतिहास’ चांगला हवा, अशी त्यात एक अट होती. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. चांगलं चारित्र्य म्हणजे काय ह्याची व्याख्याच नाही, अट मोघम आहे, म्हणून. बातम्यांमध्ये त्या दिवशी नोटा उधळण्यावरच्या बंदीची आणि सीसीटीव्हीचीच चर्चा होती. हे वाक्य मी तेव्हा वाचलंसुद्धा नव्हतं.

माझा स्वतःचा एक हिशेबही इथे लिहून टाकतो. दोन वर्षांपूर्वी एका क्लायंटसाठी आम्ही वितरकांचं पोर्टल केलं होतं. त्यात वितरकाला ‘निष्क्रिय’ करायचं बटण माझ्याकडे होतं. मी कारणाचा रकाना सक्तीचा ठेवला होता. डेमोत त्यांचा माणूस म्हणाला, फार टाइप करावं लागतं, ऐच्छिक करा. मी एक शब्द बदलला. पाच मिनिटांचं काम. माँट्रियलहून परत आल्यावर मी ते सक्तीचं करा म्हणून मेल लिहिला. उत्तर आलेलं नाही.

दिवाळीला मामाकडे गेलो. तो आता कृषी सेवा केंद्रात हिशेब बघतो, त्या बाई घरीच असतात, मी त्यांना मावशी म्हणतो. फराळ करताना मी त्याला रॉन्कारेल्लीची गोष्ट सांगितली. अर्धवट ऐकतोय असं वाटलं, कारण मध्येच उठून त्यानं नळ बंद केला. पण परत येऊन बसला तेव्हा विचारलं,

“मग हॉटेल परत सुरू केलं का त्यानं?”

“नाही. ते तर सत्तेचाळीसलाच विकलं होतं.”

“आणि निकाल?”

“एकोणसाठ.”

त्यानं बोटांवर मोजलं. “बारा वर्षं,” म्हणाला, आणि चिवड्यातला शेंगदाणा वेचून तोंडात टाकला. मी त्याला भरपाईचे आकडे वाचून दाखवले : बुडालेल्या नफ्याचे ६,००० डॉलर, बदनामीचे १,०००, उचलून नेलेल्या दारूचे १,१२३ डॉलर ५३ सेंट.

“त्रेपन्न सेंटसुद्धा?”

“त्रेपन्न सेंटसुद्धा.”

“रजिस्टर नीट ठेवलं असणार गड्यानं,” मामा म्हणाला. “बाटली अन् बाटली लिहिलेली असल्याशिवाय असा आकडा निघत नाही.”